५५ हजारांचा ‘म्युझिक स्विच’ घेऊ का? तंबोऱ्याखाली घूं येतंय

डहाणूकरचा_तंबोरा · रविवार, सकाळी ७:४०

मंडळी, प्रश्न स्विचचा आहे. विजेच्या बटणाचा नाही, नेटवर्कचा, म्हणजे घरातली यंत्रं लॅनच्या वायरींनी एकमेकांना जोडणारा डबा; वायर लावायची खाच म्हणजे पोर्ट. आधीच सांगितलेलं बरं, कारण परवा कर्वे पुतळ्याजवळ एका इलेक्ट्रिकच्या दुकानात “आठ पोर्टचा स्विच आहे का” असं विचारलं, तर त्या मुलाने आठ मॉड्यूलची प्लेट काढून दाखवली. पांढरी आणि ग्रे, दोन्ही रंगांत.

मी बँकेतून निवृत्त. राहतो पुण्यात, डहाणूकर कॉलनीत, तिसरा मजला, इमारत १९८७ ची. साडेअकराशेच्या आसपास सीडी होत्या. दोन पावसाळे बसून त्या फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा प्रकार) उतरवल्या आणि नॅसवर (नेटवर्कला जोडलेलं फाइलींचं कपाट) टाकल्या, आधी प्रहराप्रमाणे फोल्डर आणि आत रागाप्रमाणे. फायबर येते पॅसेजमध्ये, राउटर तिथे. नॅस, कॉम्प्युटर आणि स्विच बेडरूममध्ये टेबलाखाली. हॉलमध्ये स्ट्रीमर (नॅसवरची गाणी घेऊन वाजवणारं यंत्र; आकड्यांचा आवाज करणारा डॅक त्यातच), अँप आणि स्पीकर.

पूर्वी स्ट्रीमर वायफायवर होता. संध्याकाळी सात ते दहा गाणं हमखास अडखळायचं, अख्ख्या सोसायटीचे राउटर त्याच वेळी कामाला लागतात. म्हणून दिवाळीत मुलाने १५ मीटरची लॅनची वायर, कॅट ७ जातीची, ऑनलाइन मागवून बेडरूमपासून हॉलपर्यंत टाकून दिली. चांगली जाडजूड, दोन्ही टोकांना चकचकीत धातूच्या पिना. स्विच भाच्याने दिला. त्याचं शिवाजीनगरचं ऑफिस हललं तेव्हा भंगारात निघालेला, २४ पोर्टचा, लोखंडी पेटी, थ्री पिनचा.

अडखळणं त्या दिवसापासून थांबलं. नवी दुखणी मात्र तीन लागली.

एक, स्पीकरमधून घूं येतं. तबला सुरू असेल तर कळत नाही, पण आलापी चालू असताना नुसता तंबोरा उरला की खालून येतंच. मी हार्मोनियमवर ताडून पाहिलं. पांढरी पाच (पाचवी पांढरी पट्टी) धरली तर तिच्याहून किंचित चढा, पण खाली खर्जात. काही गायिकांच्या रेकॉर्डिंगमध्ये तर तो तंबोऱ्याशी भांडतो, वाँ-वाँ-वाँ असा हेलकावे घेतो. दोन, नॅस रीस्टार्ट केला की फोनवरच्या ॲपमध्ये दिसतो आणि मग गायब होतो. घड्याळ लावून मोजलं, सव्वाचार ते साडेचार मिनिटं. लागलेलं गाणं मात्र शेवटपर्यंत वाजतं, पुढचं निवडता येत नाही. तीन, स्विचमधला पंखा. ही म्हणते, बेडरूममध्ये दुसरा फ्रीज आणून ठेवलास.

शहरातल्या एका हाय-फाय शोरूममध्ये गेलो होतो. तिथले गृहस्थ म्हणाले की ऑफिसच्या स्विचचा कचरा वायरीतून संगीतात उतरतो, आणि त्यांनी एक खास संगीतासाठी बनवलेला स्विच दाखवला. आत उत्तम क्लॉक (ठोके देणारं घड्याळ), वेगळा पॉवर सप्लाय, किंमत ५५ हजार. मुलगा बाणेरहून फोनवर म्हणतो, बाबा, दीड हजाराचा घ्या आणि गप्प बसा. ही म्हणते, ५५ हजारांत पुढची कित्येक वर्षं सवाई गंधर्व महोत्सवाला भारतीय बैठक सोडून खुर्चीत बसता येईल, तुझे गुडघेही वाचतील.

पैसे नाहीत असं नाही. पण मूर्ख ठरायचं नाही. काय घेऊ?

खडूस_पेठकर · रविवार, सकाळी ८:०५

५५ हजार देत असाल तर मी स्वतः येऊन नॅसपासून स्ट्रीमरपर्यंत एकेक बिट ओंजळीत धरून नेईन. मधे चहा लागेल.

घूं घालवायचा सोपा उपाय: अँपच्या प्लगची वरची जाडी पिन काढून टाका. आमच्याकडे वीस वर्षं तसंच चालू आहे.

सोल्डरची_वाफ · रविवार, सकाळी ८:३१

पेठकर, हे असलं लिहू नका हो. कोणीतरी खरंच करतं. मी तीस वर्षं अँप दुरुस्त करतोय. ती जाडी पिन म्हणजे अर्थिंग. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर अँपच्या पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहतात, आणि ते कळतं ते हात लागल्यावर. पिन काढली की घूं थांबतं हे खरं आहे, पण ते का थांबतं यातच काकांचं उत्तर आहे. काका, तुमचा अँप थ्री पिन आहे का? आणि स्ट्रीमर?

डहाणूकरचा_तंबोरा · रविवार, सकाळी ८:४५

अँप थ्री पिन. स्ट्रीमर टू पिन. अँपच्या पिनेला हात लावणार नाही, निश्चिंत असा. पेठकरांना चहाला मात्र बोलावतो.

हिंजवडी_शिफ्ट · रविवार, सकाळी ११:१०

काका, मी रोज असलेच स्विच लावतो, फक्त गाण्यासाठी नाही. तुमच्या तीन तक्रारी तीन वेगळ्या खात्यांतल्या आहेत. शोरूमवाल्याने त्या एकाच पावतीवर लिहिल्या.

आधी वेगाचा हिशेब, तो छोटा आहे. सीडीचं संगीत म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, डावा-उजवा मिळून १४,११,२०० बिट. म्हणजे १.४ मेगाबिट, आणि फ्लॅकमध्ये त्याहून बरंच कमी. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची भारीतली फाइल घेतली तरी सव्वानऊ मेगाबिटच्या आत. जुन्यात जुना १०० मेगाबिटचा स्विचही यात झोपा काढतो. तेव्हा ‘संगीतासाठी जास्त वेगवान’ हा विषय इथेच मिटला.

मग क्लॉक. तुमच्याकडे पालिकेचं पाणी सकाळी येत असेल, ते कधी जोरात, कधी करंगळीएवढं. पण आंघोळीला धार गच्चीवरच्या टाकीतून येते. स्ट्रीमरमध्ये अशीच टाकी असते, बफर. नॅसकडून गाण्याच्या माहितीची पाकिटं घाईघाईने येतात, टाकी भरते, मग थांबतात. प्रत्येक पाकिटाची बेरीज तपासली जाते, चुकलेलं टाकून देतात आणि पुन्हा मागवतात. डॅक आपल्या स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर त्या टाकीतून एकेक नमुना काढतो. स्विचचं घड्याळ कितीही उंची असलं तरी ते टाकीच्या अलीकडे राहतं.

गायब होणारा नॅस मात्र अस्सल स्विचचा गुन्हा आहे, आणि तुम्ही मिनिटं मोजलीत म्हणून मला तो इथे बसल्या बसल्या दिसला. ॲप नॅसला शोधतं ते हाक मारून: “गाणी कोणाकडे आहेत?” ही हाक २३९.२५५.२५५.२५० या सामाईक पत्त्यावर जाते. साधा स्विच ती सगळ्या पोर्टना ऐकवतो. ऑफिसचा स्विच शहाणा असतो, त्यात आयजीएमपी स्नूपिंग चालू असतं. ही हाक कोणाला ऐकायची आहे याची तो यादी ठेवतो आणि मधूनमधून हजेरी न देणाऱ्याचं नाव कापतो. ऑफिसात हजेरी घेणारं एखादं यंत्र असतं, त्याला क्वेरियर म्हणतात. तुमच्या घरी ते काम कोणी करत नाहीये. हजेरी कोणी घेतली नाही, म्हणून नॅसने दिली नाही, म्हणून नाव कटलं. ही मुदत सर्वसाधारणपणे २६० सेकंद असते. चार मिनिटं वीस सेकंद. काका, तुमचं घड्याळ बरोबर आहे.

लागलेलं गाणं वाजत राहतं कारण ते हाकेवर चालत नाही. नॅस आणि स्ट्रीमर यांचं सरळ एकमेकांशी बोलणं आधीच जुळलेलं असतं.

घूंसाठी उद्या हे करा. आलापाचा लांब ट्रॅक लावा, अर्धा मिनिट जाऊ द्या, आणि गाणं चालू असतानाच स्ट्रीमरच्या मागची लॅनची पिन काढा. टाकीत पाणी असेल तोवर गाणं वाजत राहील. त्या वेळात घूं आहे की गेलं, एवढंच ऐका. मग पिन परत लावा आणि या वेळी बेडरूममध्ये जाऊन २४ पोर्टवाल्याचा प्लग भिंतीतून उपसा. पुन्हा ऐका.

आणि हेलकावे: पांढरी पाच म्हणजे खाली ४९ आणि ९८ हर्ट्झ. आपली वीज ५० हर्ट्झ, तिची दुप्पट १००. ज्या गायिकेचा सा पांढरी पाच, तिच्या तंबोऱ्याचा खर्ज ९८ ला लागतो. ९८ आणि १०० एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे. तुमचा कान तर घड्याळाहून पक्का निघाला.

भिंतीएवढे_स्पीकर · रविवार, दुपारी ४:२०

मी दुसऱ्या बाजूचा. म्हणजे होतो. औंधला गाण्यासाठी वेगळी खोली आहे, आणि दोन वर्षांपूर्वी त्यात असाच एक खास स्विच आणला. बाजारात हा प्रकार बराच आहे, सायलेंट एंजलचा बॉन एन८, इंग्लिश इलेक्ट्रिकचा ८स्विच, अपटोनचा इथररीजेन. माझा कुठला ते सांगत नाही, उगाच वाद नको.

लावला त्या संध्याकाळी मला फरक ऐकू आला. खोटं कशाला सांगू? सारंगी पुढे आली, तबल्याची शाई वेगळी कळली, सगळं. महिनाभर मित्रांना बोलावून ऐकवत होतो. मग माझ्या मुलीने एका रविवारी परीक्षा घेतली. ती कपाटामागे, मी खुर्चीत. जुना स्विच की नवा हे तिने नाणं उडवून ठरवायचं आणि कागदावर लिहायचं, मी ओळखायचं. १६ वेळा. माझे ९ बरोबर आले. तिने दहावीचा निकाल वाचावा तसा तो आकडा घरभर वाचून दाखवला.

विकला नाही. दिसायला देखणा आहे, आणि विकायला काढला तर निम्मे येतील.

पण एक सांगतो, ‘लॅनमधून कचरा येतो’ हे साफ थोतांड नाही. काकांच्या स्पीकरमधून घूं येतंय ना? ते काही मनाचे खेळ नाहीत. शोरूमवाल्याने रोग बरोबर ओळखला असेल, औषध कुठलं दिलं तो भाग वेगळा. वायर टाकल्यावर आवाज बदलला असं सांगणाऱ्याला इथे लोक लगेच हसतात, ते मला पटत नाही.

डहाणूकरचा_तंबोरा · सोमवार, सकाळी १०:१५

परीक्षा केली. सकाळचा प्रहर म्हणून तोडीचा विलंबित लावला. हिला बेडरूममध्ये प्लगपाशी उभं केलं, मी हॉलमध्ये.

लॅनची पिन काढली. गाणं चालू, घूं बंद. एकदम, जणू कोणी नळ बंद केला. मी पुन्हा लावली, पुन्हा आलं. काढली, गेलं. चार वेळा केलं, पाचव्या वेळी टाकी संपली आणि बुवा ‘अ’ वर थांबले.

दुसरी परीक्षा: लॅन जागेवर, हिने बेडरूममधला प्लग काढला. घूं बंद! बटण नुसतं बंद केलं तर मात्र घूं राहतं, प्लग उपसला की जातं. हे हिच्या लक्षात आलं, कारण तिने आधी बटणच बंद केलं होतं. पंखाही थांबला, तेव्हा तिने हा प्रयोग असाच कायमचा चालू ठेवावा असं सुचवलं.

सोल्डरची_वाफ · सोमवार, दुपारी १२:०२

वहिनींना माझा नमस्कार सांगा. बटणाचं निरीक्षण लाखमोलाचं आहे. बटण फक्त फेज तोडतं, अर्थिंग जोडलेलंच राहतं. स्विच बंद असतानाही घूं येतंय म्हणजे ते स्विचच्या आतल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सचं नाही. ना क्लॉक, ना पॉवर सप्लाय. तो नुसता लोखंडाचा डबा म्हणून गुन्हेगार आहे.

रस्ता असा. बेडरूमच्या पॉइंटचं अर्थिंग आणि हॉलच्या पॉइंटचं अर्थिंग वेगवेगळ्या वायरींनी बोर्डापर्यंत जातं. दोघांत थोडा फरक असतोच, आणि १९८७ च्या वायरिंगमध्ये तर असणारच. लॅनच्या आतल्या चार जोड्यांतून हा फरक पलीकडे जात नाही, कारण पोर्टामध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, १५०० व्होल्टला तपासलेले. पण तुमची वायर कॅट ७, म्हणजे शिल्डेड (आतल्या जोड्यांभोवती धातूचं वेष्टण असलेली) आलीच. तिच्या धातूच्या पिना, स्विचचे धातूचे पोर्ट, स्ट्रीमरचा धातूचा पोर्ट असं करत शिल्डने त्या ट्रान्सफॉर्मरना वळसा घातला. बेडरूमचं अर्थिंग शिल्डवरून स्ट्रीमरच्या पत्र्यावर, तिथून आरसीए वायरीच्या (स्ट्रीमरचा आवाज अँपकडे नेणाऱ्या) जाळीवरून अँपमध्ये, आणि अँपच्या थ्री पिनमधून हॉलच्या अर्थिंगला. गोल पूर्ण झाला, त्यातून ५० हर्ट्झ फिरतंय. पेठकरांची पिन काढली की हा गोल तुटतो, म्हणून घूं थांबतं. पण तुटायला हवा तो वायरीत, अर्थिंगमध्ये नाही.

कॅट ७ काढा. साधी कॅट ६ घ्या, यूटीपी (म्हणजे शिल्ड नसलेली), प्लास्टिकच्या पारदर्शक पिना. घरातल्या अंतराला ती भरपूर आहे, कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत गिगाबिट (सेकंदाला हजार मेगाबिट) नेते. तपकीर गल्लीत मीटरवर मिळेल. पिना तिथेच मारून घ्या आणि टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागलेले बघूनच पैसे द्या. वायर घेतल्यावर पासोड्या विठोबाला नमस्कार करून या, अगदी जवळ आहे.

ज्यांच्याकडे अजून केबलवाल्याची तांब्याची लॅन वायर गच्चीवरून येते त्यांच्यासाठी वेगळं: तिथे दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्यातला सिग्नल फायबरच्या प्रकाशात आणि परत तांब्यात बदलणारे डबे) घालून मधे थोडी फायबर टाका. वळवाच्या विजांत माझ्याकडे दरवर्षी जळलेले पोर्ट येतात. काकांचं येतंच फायबर, त्यांना गरज नाही.

हिंजवडी_शिफ्ट · सोमवार, रात्री १०:४०

वाफकाकांच्या पुढे एवढंच: साधा, अनमॅनेज्ड (सेटिंगं नसलेला), पाच पोर्टचा गिगाबिट स्विच. राउटर, नॅस, कॉम्प्युटर, स्ट्रीमर असे चार भरले, एक शिल्लक. टीपी-लिंकचा एलएस१००५जी किंवा डी-लिंकचा डीजीएस-१००५ए, जो मिळेल तो, दोन हजारांच्या आत. दोन्ही प्लास्टिकचे आहेत, आणि तुमच्या बाबतीत प्लास्टिक हाच गुण आहे. पंखा नाही, छोटा टू पिन अडॅप्टर. २४ वाल्याचं स्नूपिंग सेटिंगमधून बंदही करता येईल, पण पासवर्ड भाच्यालाही माहीत नसणार, आणि पंख्याचं काय?

एक गंमत सांगतो, रागावू नका. तुम्ही ५५ हजारांचा घेतला असतात आणि त्यात ते हजेरीचं लफडं नसतं, तर नॅस गायब होणं थांबलं असतं. त्याचा अडॅप्टर टू पिन असता तर अर्थिंगचा गोलही तुटून घूं गेलं असतं. पंखाही गेला असता. तुम्ही इथे येऊन लिहिलं असतं की मंडळी, खास स्विचने तंबोरा स्वच्छ झाला, आणि ते शब्दशः खरं असतं. आम्ही हसलो असतो, तुम्ही चिडला असतात. भिंतीएवढे म्हणतात त्यात तथ्य आहे ते हे.

भिंतीएवढे_स्पीकर · सोमवार, रात्री ११:०५

माझ्याकडेही जुना स्विच थ्री पिनचाच होता. आता झोप येणार नाही.

खडूस_पेठकर · मंगळवार, सकाळी ७:२०

मी काल रात्री घरी जाडी पिन परत बसवली. घूं आलं. वीस वर्षांनी भेटल्यासारखं वाटलं. वाफकाका, तुमच्याकडे यूटीपी आरसीए वायर मिळते का?

सोल्डरची_वाफ · मंगळवार, सकाळी ९:००

तशी काही वस्तू नसते. वेगळा धागा काढा, तिथे बोलू. पिन राहू द्या.

डहाणूकरचा_तंबोरा · शनिवार, सायंकाळी ६:५०

हिशेब देतो. कॅट ६ यूटीपी १६ मीटर (एक मीटर दाराच्या चौकटीवरून वळवायला जास्त), पिना मारून, टेस्टरवर आठ दिवे मोजून. स्विच पाच पोर्टचा, प्लास्टिकचा, तळहाताएवढा. रिक्षा, दोन्ही वेळा. विठोबाला नारळ. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत, आणि बिलं फाइलला लावली आहेत.

वायर बदलली पण स्विच जुनाच ठेवला, असं आधी एक दिवस ठेवलं, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल. वायर बदलताच घूं गेलं. नॅस मात्र सव्वाचार मिनिटांनी गायब व्हायचाच राहिला. दुसऱ्या दिवशी स्विच बदलला आणि नॅस तेव्हापासून दिसतोय, आज चौथा दिवस. दोन गुन्हे, दोन गुन्हेगार, हिंजवडीकर म्हणाले तसे.

आत्ता मारवा लावून बसलोय. अगदी बारीक काहीतरी अजून ऐकू येतं, पण ते अँपची व्हॉल्यूम शून्य केली तरी येतं. शोधलं तर शेजारच्यांच्या गॅलरीतलं फिशटँक निघालं.

२४ पोर्टचा स्विच कोणाला हवा असल्यास कळवावे. चालू स्थितीत आहे, पंखा विशेष चालू. घरी येऊन न्यावा, दुपारी एक ते चार सोडून.